उन्हात मरणारं रबर

मे महिन्यातली संध्याकाळ. पुण्याहून निघालेली लहानशी गाडी यवत ओलांडून चौफुल्याकडे येत असते. दिवसभर तापलेल्या हवेत एकदम मातीचा वास येतो, वारा सुटतो आणि वळवाचे टपोरे थेंब काचेवर फुटू लागतात. पाठोपाठ पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेला चिखलाचा फवारा येतो. चालवणाऱ्याचा हात सवयीने दांडीकडे जातो, वायपर चर्र आवाज करत फिरतो आणि काचेवर राखाडी लपका पसरतो. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे त्या लपक्यात विस्कटतात. रस्त्याची कड, दुभाजक, कडेने चाललेली मोटारसायकल काहीच धड दिसत नाही. चौफुल्याला डावीकडे केडगावकडे वळायचं असतं आणि ते वळण अंदाजाने शोधावं लागतं.

घरी पोचल्यावर गाडीचा मालक म्हणतो, ‘गेल्या पावसाळ्यात तर वायपर चांगला चालत होता.’ त्याचं म्हणणं खरंच असतं. ऑक्टोबरात वायपर चांगलाच होता. मधल्या सहा-सात महिन्यांत त्याला कुणी हातही लावला नाही आणि तेवढ्यातच तो मेला.

वायपर पावसात झिजतो अशी आपली समजूत आहे. कोकणात किंवा लोणावळ्याच्या बाजूला ती बऱ्याच अंशी खरी असेल. तिकडे ब्लेड चार महिने जवळजवळ अखंड चालतं. केडगाव, यवत, पाटस, दौंड हा पट्टा मात्र पर्जन्यछायेतला. सह्याद्रीने ढगांतलं बहुतेक पाणी पलीकडेच उतरवून घेतलेलं असतं. जुलै-ऑगस्टात इथे भुरभुर होते आणि खरा जोर वळवात किंवा परतीच्या पावसात, उत्तरा-हस्ताच्या नक्षत्रांत येतो. वर्षातले फार थोडे दिवस वायपर चालतो. उरलेले दिवस तो तापलेल्या काचेवर पडून उन्हं खातो, धूळ खातो, गुऱ्हाळांची काजळी खातो. इथलं ब्लेड वापराने संपत नाही, पडून राहून संपतं. त्यामुळे ते बदलायचा हिशेब किलोमीटरवर किंवा पावसावर न ठेवता पंचांगावर ठेवावा. या प्रकरणात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. बाकीचा तपशील त्याच्याच पोटात येतो.

आधी हे रबर काय काम करतं ते पाहू. ब्लेडच्या तळाशी रबराची पट्टी असते आणि तिच्या टोकाला अगदी पातळ ओठ. काचेला टेकतो तो फक्त या ओठाचा काठ, आणि तोही केसाहून कितीतरी बारीक रेषेत. वायपर डावीकडे जाताना ओठ उजवीकडे कलतो, परत फिरताना तो पलटून डावीकडे कलतो. मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्या धरल्या, तर प्रत्येक फेरीत तो दोनदा पलटतो. ओठ मागे कललेला असतो म्हणूनच पाणी पुढे ढकललं जातं. तो नीट पलटला नाही तर काचेवर सरळ उभा राहून आपटत जातो. ‘वायपर थरथरतो’ किंवा ‘उड्या मारतो’ असं आपण म्हणतो, ते हेच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. काच पूर्ण कोरडी करणं हे वायपरचं कामच नव्हे. काचेवरच्या थेंबांचं त्याला एका पातळ, सपाट थरात रूपांतर करायचं असतं. थेंब भिंगासारखा प्रकाश वाकवतो, म्हणून त्यातून चित्र फाटतं. सपाट थरातून ते आरपार दिसतं. शिवाय हाच थर रबराला वंगण म्हणून उपयोगी पडतो. कोरड्या काचेवर वायपर चालवला की वंगण नसतं आणि मध्ये उरते ती फक्त धूळ. धुळीतले वाळूचे कण बारीक गारेचे असतात. रबराखाली सापडले की ते पॉलिश पेपरसारखे काचेवर घासले जातात. रात्री समोरून दिवा आला की काचेवर धनुष्याच्या आकाराच्या बारीक रेघा चमकतात, त्या याच सवयीने पडतात. रबर काही शे रुपयांत बदलता येतं. काचेवर पडलेली रेघ मात्र काच बदलेपर्यंत सोबत करते.

आता ऊन त्या ओठाचं काय करतं ते पाहा. नैसर्गिक रबराच्या लांब रेणूसाखळ्यांत जागोजाग दुहेरी बंध असतात. हवेतला ओझोन नेमका तिथेच वार करतो आणि साखळी तोडतो. रबर ताणलेलं किंवा वाकलेलं असेल तर तिथे बारीक भेगा पडतात. उभ्या गाडीत वायपरचा ओठ सतत एका बाजूला वाकलेलाच असतो. त्यात अतिनील किरण आणि काचेची उष्णता यांची भर पडते. भर उन्हात उभ्या गाडीच्या काचेवर तळहात टेकवून पाहा, फार वेळ ठेववत नाही. तिथे ओठ महिनोन्‌महिने त्याच बाजूला दाबलेला राहिला की त्याला तेच वळण कायमचं लागतं. पावसात त्याला उलट बाजूला पलटायचं असतं आणि ते त्याला जमत नाही. म्हणजे वळवात होणारी चर्रचर्र फेब्रुवारी-मार्चपासूनच तयार होत असते.

हे यंत्र कुठून आलं, त्याची हकिगत थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या. तिथे ट्रामचा चालक बर्फमिश्रित पावसात समोरचं दिसावं म्हणून खिडकी उघडून गारठत गाडी हाकताना त्यांनी पाहिला. आतून हाताने दांडा फिरवला की बाहेर रबराची पट्टी काच पुसेल, अशी रचना त्यांनी काढली आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिचं पेटंट मिळवलं. ते पेटंट विकत घ्यायला कुणी तयार झालं नाही. पुढे त्याची मुदत संपली, मोटारी घरोघर झाल्या आणि वायपर प्रत्येक गाडीवर आला. पेटंट मिळालं त्याच सुमारास इकडे केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या मुली छपाई आणि विणकाम शिकत होत्या. बाईच्या हातांना यंत्र कळत नाही, असं जग मानत होतं तेव्हाची ही दोन्ही कामं आहेत. केडगावच्या रस्त्यावर वायपर लावताना मला हे आवर्जून आठवतं. थांबून थांबून चालणारा वायपर नंतरचा. रॉबर्ट कर्न्स या अभियंत्याने साठच्या दशकात तो केला आणि त्यामागची त्याची कल्पना डोळ्याच्या पापणीची होती. भुरभुर पावसात तीच चाल वापरावी, कारण सतत चालणारा वायपर अर्धी फेरी कोरड्या काचेवरच काढतो.

आता निवडीकडे वळू. दुकानात तीन तऱ्हेची ब्लेडं दिसतात. जुनी पद्धत सांगाड्याची. त्यात पत्र्याची एक मोठी कमान असते, तिला दोन लहान कमानी आणि त्यांना आणखी लहान कमानी जोडलेल्या असतात. बैलांच्या जूला मधोमध जोडलेली ओढ जशी दोन्ही बैलांवर सारखी वाटली जाते, तसा मधल्या हुकावरचा दाब या कमानींतून वाटला जात रबराच्या सहा-आठ ठिकाणी पोचतो. दुसरी पद्धत सपाट ब्लेडची, ज्याला दुकानदार ‘फ्रेमलेस’ म्हणतात. त्यात सांधे नाहीत, रबराच्या पाठीत वाकवलेली पोलादी पट्टी असते आणि ती सरळ होताना सगळीकडे सारखा दाब देते. तिसरी जात म्हणजे प्लास्टिकच्या कवचात झाकलेला सांगाडा.

आपल्या धुळीच्या भागात सपाट ब्लेड तत्त्वतः चांगलं. सांधेच नसल्यामुळे माती अडकत नाही. अडचण त्यातल्या पोलादी पट्टीच्या वाकाची आहे. पट्टीचा वाक काचेच्या गोलाईशी जुळला नाही तर दोन्ही टोकं काचेपासून उचलली जातात आणि नेमक्या कडेला न पुसलेल्या पट्ट्या उरतात. स्वस्तातल्या सपाट ब्लेडांमध्ये हा दोष मी वारंवार पाहिला आहे. त्यामुळे माझा कौल असा : जुन्या आल्टो, वॅगनआर, सँट्रोसारख्या गाडीला चांगल्या कंपनीचं साधं सांगाड्याचं ब्लेड लावावं. ते स्वस्त सपाट ब्लेडपेक्षा बरं. कंपनीतूनच सपाट ब्लेड आलेलं असेल तर मात्र तेच लावावं.

रबरातही फरक असतो. साधं नैसर्गिक रबर मऊ असतं आणि छान पुसतं, पण ऊन फार सोसत नाही. ग्रॅफाइटचा लेप दिलेलं रबर काचेवर हलकं सरकतं. सिलिकॉनचं रबर उन्हाला आणि ओझोनला सहजी दाद देत नाही. महाग असलं तरी ज्याची गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते, त्याने त्याचा विचार जरूर करावा.

माप इंचांत असतं आणि बहुतेक गाड्यांची दोन ब्लेडं सारखी नसतात, चालकाच्या बाजूचं सहसा लांब असतं. टाटा नॅनोला तर एकच वायपर होता. दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगून विसंबू नका, कारण एकाच नावाच्या गाडीची मापं दर पिढीत बदललेली असतात. जुनं ब्लेड टेपने मोजून जा, आर्मच्या, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या दांड्याच्या, टोकाचा हूक कसा आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून न्या. ‘एक इंच मोठं घ्या, जास्त पुसेल’ हा सल्ला ऐकू नये. मोठं ब्लेड दुसऱ्या ब्लेडवर किंवा काचेच्या चौकटीवर आपटतं, आणि स्प्रिंगचा तोच दाब जास्त लांबीवर पसरल्याने पुसणंही कमजोर होतं. आणखी एक : दुकानाच्या दाराशी उन्हात टांगलेलं, खोक्याचा रंग उडालेलं ब्लेड घेऊ नका. ते गाडीवर चढण्याआधीच निम्मं म्हातारं झालेलं असतं. आतल्या कपाटातलं मागा.

सांगाडा घट्ट आणि सरळ असेल तर नुसतं रबरही बदलता येतं, फार कमी पैशांत. जुन्या रबरात दोन्ही बाजूंना दोन पातळ पोलादी पट्ट्या असतात, त्या जपून काढून नव्या रबरात जशाच्या तशा बसवायच्या, खाच खाचेसमोर ठेवून. त्या पट्ट्या फेकून नुसतं रबर ओवलेली ब्लेडं मी पाहिली आहेत. तशी पट्टी मधूनच लचकते आणि निम्मी काच कोरीच राहते.

देखभालीचा विषय आपल्याकडे खरा गुऱ्हाळापासून सुरू होतो. दौंडच्या या ऊसपट्ट्यात थंडीच्या दिवसांत चुलाणं पेटतात, चिपाडाचा धूर सुटतो आणि सकाळी गाडीच्या काचेवर काळे, हलके कण बसलेले असतात. त्यात महामार्गावरच्या मालट्रकांच्या धुराचा तेलकट थर मिसळतो. वरून दव पडतं. मग सकाळी घाईत कुणी वायपर एकदा फिरवतं आणि सगळा मिळून काळा लेप काचेवर फासला जातो. हा लेप पाण्याने जात नाही. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब बादलीभर पाण्यात टाकून मऊ कापडाने काच धुवावी, आणि तेवढ्यातच वायपर उचलून त्याचा ओठ बोटाभोवती ओलं फडकं गुंडाळून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसावा. पहिल्या पुसण्यात फडकं काळं होतं, तिसऱ्या-चौथ्यात स्वच्छ येतं. आठवड्यातून एकदा हे केलं तर रबराचं आयुष्य खरोखर वाढतं. काचेवर तरीही चिकट थर जाणवला तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावा आणि भरपूर पाण्याने धुवावा.

रबराला रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल लावू नये. त्याने ते फुगतं आणि मऊ पडतं. ‘काळं चमकदार दिसावं’ म्हणून खोबरेल तेल चोळणारेही आहेत. ते तेल पहिल्याच पावसात काचेवर उतरतं. वॉशिंग सेंटरमध्ये डॅशबोर्डला मारायची पॉलिश काचेवर उडाली तरी हाच त्रास होतो. पॉलिश पेपरने ओठ घासून धार काढायचा उपाय तर अजिबात करू नये. कारखान्यात सरळ कापलेली कडा त्याने गोल होते, वरचा लेप निघून जातो, दोन दिवस बरं वाटतं आणि नंतर वायपर आधीपेक्षाही वाईट पुसतो.

गाडी सावलीत लावावी हे खरं, पण कुठल्या सावलीत तेही बघावं. आंब्याला मोहोर असताना तुडतुड्यांचा चिकटा खाली गळतो आणि काच व रबर दोन्ही माखतात. कडुनिंब त्यापेक्षा बरा, शेडची सावली सर्वांत उत्तम. सावली नसेल तर पुढच्या काचेवर, वायपर झाकले जातील असं जाड कापड टाकावं. उन्हात वायपर उभे करून ठेवायची पद्धत मला पटत नाही. रबर काचेपासून सुटतं हा फायदा आहे, पण वाऱ्याने, पोराच्या धक्क्याने किंवा शेळीच्या पायाने आर्म काचेवर आपटला तर मोठं नुकसान होतं. केडगावच्या कांदा बाजारात जाणाऱ्यांनी बोनेट आणि काच यांच्या मधली जाळीही पाहावी. कांद्याची हलकी टरफलं तिथे जमतात, पाणी निचरायची वाट बुजते आणि वायपरच्या दांड्यांचे सांधे चिखलात राहतात.

पाण्याच्या टाकीकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. इथल्या बोअरचं पाणी क्षाराचं. ते टाकीत भरलं की काचेवर पांढरे ठिपके उठतात आणि फवाऱ्याची भोकं बुजतात. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी तर मुळीच भरू नये, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. घरातल्या एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरा. ते हवेतल्या वाफेचं झालेलं असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते गाळून भरा. भोक बुजलं असेल तर टाचणीने मोकळं करा आणि फवारा काचेच्या मध्यावर पडेल असा वळवा. धूळ बसलेल्या काचेवर वायपर चालवण्याआधी हा फवारा सोडायचाच.

बिघाड ओळखायला काचेवरच्या खुणा वाचाव्यात. एकच बारीक रेघ उमटत असेल तर त्या जागी ओठ फाटला आहे किंवा कण अडकला आहे. आधी पुसून बघा. काचभर धुकट लपका राहत असेल तर दोष बहुधा रबराचा नसतो, काच तेलकट आहे. एका दिशेला स्वच्छ आणि परतताना थरथर होत असेल तर ओठाला वळण लागलं आहे, किंवा आर्म किंचित पिळला आहे. मधली पट्टी कोरी राहत असेल तर दाब कमी आहे. हा दाब घरीही मोजता येतो. ब्लेडच्या दर सेंटिमीटरला साधारण पंधरा ग्रॅम दाब लागतो. अठरा इंची ब्लेड म्हणजे सुमारे शेहेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे सातशे ग्रॅमच्या आसपास. सामान तोलायचा लहान ताणकाटा आर्मच्या टोकाला अडकवून ब्लेड काचेपासून जेमतेम सुटेपर्यंत ओढा. काटा चारशेच्याही खाली दाखवत असेल तर नवं ब्लेड लावूनही फायदा नाही, आर्मची स्प्रिंग गेली आहे. आधी स्प्रिंगवर आणि सांध्यावर तेलाचे दोन थेंब टाकून पाहा. बऱ्याचदा ती गंजाने नुसती अडकलेली असते. वायपरच्या मोटरचा आवाज येतो पण आर्म हलत नाही, अशा वेळी आर्मच्या बुंध्याशी टोपीखाली असलेला नट बहुधा सैल झालेला असतो.

ब्लेड बदलणं पाच मिनिटांचं काम आहे. त्यात एकच धोका असतो, आणि त्याची जबर किंमत मी मोजली आहे. ब्लेड काढल्यावर उघडा लोखंडी आर्म माझ्या हातून सुटला, स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटला आणि काचेला तडा गेला. तेव्हापासून मी आर्मखाली जाड टॉवेलची घडी घातल्याशिवाय कामाला हात घालत नाही. तुम्हीही घालू नका. टॉवेल पसरल्यावर आर्म उभा करावा, ब्लेड त्याला आडवं फिरवावं, हुकाजवळची लहान कळ दाबावी आणि ब्लेड खाली सरकवून हुकातून बाहेर काढावं. नवं ब्लेड वर ओढताना ‘टक्’ असा आवाज आला की ते बसलं. ओढून खात्री करावी. काही गाड्यांत आर्म बोनेटच्या कडेखाली दडलेला असतो आणि उभा राहत नाही. तिथे वायपर चालू करून तो काचेच्या मध्यावर आला की चावी बंद करावी. नव्या रबरावर रंगीत प्लास्टिकची पन्हळ चढवलेली असते, ती काढायला विसरू नये. ती न काढता महिनाभर गाडी चालवणारी माणसं मला भेटली आहेत. शेवटी काच ओली करून आठ-दहा फेऱ्या चालवून बघाव्यात.

पुढची काच असलेल्या प्रत्येक मोटारीला यंत्राने चालणारा, कामाचा वायपर असलाच पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०१ सांगतो. पण वायपरची ही निगा कायद्यासाठी नव्हे, पाटस-यवतच्या रस्त्यावर पावसात अंधारातून चालत जाणाऱ्या माणसासाठी करायची आहे.

भर पावसात वायपर बंद पडलाच तर जुन्या ट्रकचालकांचा एक उपाय आहे : काचेवर तंबाखू किंवा चिरलेला बटाटा चोळायचा. त्याने थेंब सुटे न राहता पाणी पातळ थरात पसरतं आणि काही काळ समोरचं दिसतं. हा उपाय रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी गाडी घेईपर्यंतच चालतो. त्यावर घर गाठायचा हट्ट करू नये.

रोहिणी २५ मेच्या सुमारास निघते. वळीव त्याच्याही आधी येऊ शकतो, म्हणून घराची गळती बघायला छपरावर चढता त्याच दिवशी, मेच्या पहिल्या पंधरवड्यात दोन्ही ब्लेडं बदलून टाका, ती चांगली दिसत असली तरीही. आणि काढलेल्यांपैकी डाव्या बाजूचं, कमी फाटलेलं ब्लेड फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवा. नवं ब्लेड वाटेत तुटलं तर घरी पोचण्यापुरतं ते चालतं.